दोनशे चाळीस काळ्या पट्ट्या: निधीसंकलनाच्या एका जेवणाचा प्रकरण अभ्यास

पट्ट्या आल्या त्या दिवशी कार्यक्रमाला १२ दिवस उरले होते. काळं कापड, मागे इलॅस्टिक, आतून मऊ अस्तर. २४० नग, दोन खोक्यांत. खोकी मीच उघडली, एक पट्टी डोळ्यांवर चढवली आणि ऑफिसातल्या ऑफिसात टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून घेतला. सगळे हसले. मलाही वाटलं, वा, हेच तर हवंय. पाहुण्यांना नेमकं हेच कळायला हवं.

आमची संस्था दृष्टी गमावलेल्या माणसांसाठी काम करते. पांढरी काठी घेऊन एकट्यानं फिरायला शिकवणं, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, फोन आणि कॉम्प्युटर चालवायला शिकवणं, सुरी आणि शेगडी पुन्हा हातात द्यायला शिकवणं, अशी आमची कामं. आमच्याकडे येणारे बहुतेक जण जन्मांध नसतात. चाळिशी-पन्नाशीत काचबिंदूनं, मधुमेहानं किंवा पडद्याच्या आजारानं दृष्टी गेलेली, म्हणजे अर्धं आयुष्य डोळस जगलेली ही माणसं. निधी जमवण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मी डोळस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा बराच गोंधळ त्यातूनच झाला.

वर्षातून एकदा आम्ही देणगीदारांसाठी दुपारचं जेवण ठेवतो. एखादा देणगीदार किंवा कंपनी दहा खुर्च्यांचं टेबल घेते आणि त्यावर आपली माणसं आणते. अशी २४ टेबलं. बाहेरच्यांना वाटतं की पैसा या टेबलांच्या विक्रीतून येतो. तो येत नाही. त्यातून हॉल, केटरर, साउंड आणि छपाई भागते, वर थोडं उरतं. खरा निधी जमतो तो शेवटच्या दहा मिनिटांत, कुणीतरी माईकवर आवाहन करतं आणि टेबलावरची देणगीची कार्डं भरली जातात तेव्हा. त्यातही महत्त्वाची असतात ती पुढची तीन वर्षं दरवर्षी इतकं देईन असं लिहून देणारी. म्हणून ‘जेवणातून इतके जमले’ असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी आधी विचारतो, खर्च वजा जाता किती, आणि त्यातलं पुढच्या वर्षी किती येणार?

रात्रीऐवजी दुपार का, याचं उत्तर साधं आहे. खर्च कमी, आणि लोक कामाच्या दिवशीच एकमेकांना भेटून घेतात. तोटा एकच. प्रत्येकाला परत जायची घाई असते. दीड तासाच्या पुढे कार्यक्रम गेला की खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज यायला लागतात आणि आवाहन अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर होतं. आमचं सलग दोन वर्षं तेच झालं होतं. हॉल भरलेला, जेवण उत्तम, आणि संध्याकाळी गोळा केलेली कार्डं बहुतेक कोरी.

पट्ट्यांची कल्पना त्यातून आली. कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्या कंपनीनं सुचवली, अध्यक्षांनी उचलून धरली, मी खरेदी केली. पहिली २० मिनिटं सगळ्यांनी पट्टी बांधून जेवायचं, मग पट्ट्या काढायच्या आणि लगेच आवाहन. ‘अनुभवातून सहानुभूती’ असं आमंत्रणपत्रिकेवर छापायचंही ठरलं होतं. नशीब, छापलं गेलं नव्हतं.

वाद

आमच्याकडे मोबिलिटी शिकवणाऱ्या एक ताई आहेत. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. ११ वर्षांपासून त्या इतरांना काठीनं चालायला शिकवतात. त्या दिवशी त्या सहज ऑफिसात आल्या, खोक्यात हात घातला आणि पट्टी बोटांत धरून विचारलं, “हे कशासाठी?”

मी उत्साहानं सगळं सांगितलं.

“किती वेळ बांधणार?”

“वीस मिनिटं.”

“दिसायचं बंद झालं तेव्हाची माझी पहिली वीस मिनिटं मला आठवतात. पाण्याचा ग्लास सांडला होता आणि मी रडत बसले होते.” पट्टी त्यांनी घडी घालून परत ठेवली. “तुम्ही लोकांना माझी पहिली वीस मिनिटं दाखवणार आणि नंतरची सगळी वर्षं लपवणार. मग त्यांनी पैसे कशाला द्यायचे? शिकून काही होत असतं हे त्यांना दिसणारच नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. पण पटलंही नव्हतं. लोकांच्या मनाला धक्का बसला तर हात खिशाकडे जातो, हा माझा अनुभव होता. म्हणून मी वाचायला बसलो, खरं तर त्यांचं म्हणणं खोडायला.

खोडता आलं नाही. एरिएल सिल्व्हरमन, जेसन ग्विन आणि लीफ व्हॅन बोव्हेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमक्या याच गोष्टीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून कामं करून पाहिलेल्या लोकांनी नंतर अंध माणसांच्या क्षमतेबद्दल मत दिलं तेव्हा ते अधिक खालचं होतं: ही माणसं नोकरी करू शकतील, स्वतंत्र राहू शकतील, यावरचा विश्वास कमी झालेला. कारण उघड आहे. पट्टी बांधलेला माणूस स्वतःचं गोंधळणं अनुभवतो आणि तेच अंध माणसाचं रोजचं जगणं समजतो. गुडघा माझा आपटला होता. ताई त्याच टेबलाला वळसा घालून रोज जातात, त्यांचा कधी आपटत नाही.

पट्टी आणखी एका बाबतीत खोटं बोलते. दृष्टी जाणं म्हणजे काळोख, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल तर तिला अंधत्व म्हणतात. म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते या माणसाला ३ मीटरवरूनही नीट दिसत नाही. पण त्याला उजेड कळू शकतो, हालचाल कळू शकते. काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं आणि समोरचं बरेच दिवस टिकतं. मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, ऱ्हासात उलट होतं: समोरच्या माणसाचा चेहरा जातो, पण त्याच्या मागची खिडकी दिसते. मधुमेहात पडद्यावर रक्त उतरलं तर मधेमधे डाग. काळ्या कापडाच्या एका तुकड्यात यातलं काहीच बसत नाही.

समितीच्या बैठकीत मी हे मांडलं. अध्यक्ष म्हणाले, “अहो, पण झ्युरिकमध्ये अंधारातलं रेस्टॉरंट इतकी वर्षं चालतंय. ते कसं?”

प्रश्न चांगला होता. आंद्रेआस हाइनेके यांनी १९८८ मध्ये फ्रँकफर्टला पूर्ण काळोखातलं प्रदर्शन सुरू केलं, आणि १९९९ मध्ये झ्युरिकला इतरांनी ‘ब्लिंडेकुह’ हे अंधारातलं रेस्टॉरंट उघडलं. दोन्हीकडे डोळस माणसं अंधारात जातात, पण त्यांना नेणारे आणि वाढणारे अंध असतात. पाहुणा चाचपडतो आणि वाढणारी व्यक्ती त्याला खुर्चीपर्यंत सरळ घेऊन जाते. काळोखात सराईत कोण आहे हे पाहुण्याला पहिल्या मिनिटात समजतं. आमच्या योजनेत वाढपी डोळस असणार होते, पाहुणे चाचपडणार होते, आणि अंध माणसं कुठे असणार होती? स्टेजवर, शेवटी, आभार मानायला.

खरं सांगायचं तर अध्यक्षांचं मत यानं बदललं नाही. ते बदललं हॉलच्या मॅनेजरमुळे. गरम पातळ पदार्थ घेऊन वाढपी फिरणार आणि २४० जणांचे डोळे बांधलेले, ही कल्पना ऐकताच त्यानं एवढंच विचारलं की कुणाला भाजलं तर जबाबदारी कुणाची, आणि आग लागली तर? बैठक पाच मिनिटांत आटोपली. तत्त्वापेक्षा विम्याची बाजू वरचढ ठरल्याचा हा काही माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग नाही.

बदललेला बेत

पट्ट्या गेल्या, पण त्यांच्या जागी काय? उपाय ताईंनीच दिला. “आम्हाला पाहुणे म्हणून बोलावू नका, यजमान करा.” प्रत्येक टेबलावर दृष्टी गमावलेली एक व्यक्ती यजमान. पाहुण्यांचं स्वागत तिनं करायचं, ओळखी तिनं करून द्यायच्या, गप्पा तिनं चालू ठेवायच्या. स्वतःची कहाणी सांगायची की नाही हे तिचं तिनं ठरवायचं.

टेबलं २४ होती आणि तयार झालेली माणसं १७. उरलेल्या सात टेबलांवर नेहमीसारखे कर्मचारी बसवले. पुढे हिशेब मांडताना ही तफावत अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

आता १० दिवस. या दिवसांत मला कळलं की दृष्टिहीनांसाठी वर्षानुवर्षं जेवणं घालणाऱ्या आमच्या संस्थेनं ती जेवणं दृष्टिहीनांना जेवता येतील अशी कधी केलीच नव्हती. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरी ताटली आणि शेजारी पारदर्शक काचेचा ग्लास. ज्याला थोडं दिसतं त्याच्यासाठी ही मांडणी म्हणजे अदृश्य भांडी. आम्ही गडद टेबलक्लॉथ मागवले. ग्लास रंगीत मिळाले नाहीत, म्हणून प्रत्येक ग्लासाखाली गडद गोल चकती ठेवली. खर्च जवळजवळ शून्य.

मेन्यूचंही तसंच. आधीच्या वर्षांचा मेन्यू फिकट सोनेरी अक्षरांत, हस्तिदंती कागदावर, नाजूक तिरक्या टाइपात छापलेला होता. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं असं म्हटलेलं आहे. तो सोनेरी मेन्यू याच्या जवळपासही नव्हता. नवा मेन्यू १८ पॉइंटात, काळ्यावर पांढरा, साध्या टाइपात केला. शिवाय तोच मजकूर सगळ्या यजमानांच्या फोनवर आधीच पाठवला. ब्रेलच्या प्रतीही काढल्या, पण मोजक्याच. लोकांना वाटतं अंध म्हणजे ब्रेल. लुई ब्रेलनं सहा टिंबांची आपली लिपी १८२९ मध्ये पुस्तकरूपानं मांडली आणि लहानपणी शिकलेल्यांसाठी आजही तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पन्नाशीत दृष्टी गेलेल्या माणसाच्या बोटांना ती सहजी येत नाही. आमच्या १७ जणांत सराईतपणे ब्रेल वाचणारे चार होते. बाकीचे फोन ऐकत होते.

वाढप्यांना ताईंनी १५ मिनिटं शिकवलं. ताट ठेवताना बोलायचं: “डाव्या बाजूनं ताट ठेवतोय.” पाणी भरलं की सांगायचं. विचारलं तर घड्याळाच्या पद्धतीनं सांगायचं, म्हणजे ताट हे घड्याळाची तबकडी समजून कुठला पदार्थ किती वाजता आहे ते. “वाटी दोन वाजता, सुकं सहा वाजता.” एका तरुण वाढप्यानं विचारलं, “आणि बाई, डिजिटल घड्याळवाले असतील तर?” ताई इतक्या हसल्या की पुढची पाच मिनिटं शिकवणं बंद.

भाषणाचा वाद वेगळा. अध्यक्षांना सुरुवात आकड्यांनी करायची होती. आकडे खोटे नाहीत: जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही, आणि त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज व्हायचा आहे. पण २२० कोटी ऐकून कुणी पेन उघडत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचं २००७ चं काम या क्षेत्रात बरेच जण जाणतात: एका व्यक्तीची हकिगत सांगून मदत मागितली तर लोक जास्त देतात, आणि त्याच हकिगतीला आकडेवारी जोडली तर देणं कमी होतं. मी आकडे काढून मेन्यूच्या मागच्या बाजूला छापले. अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

भाषण करणार होते ते एक निवृत्त शिक्षक. मॅक्युलाच्या ऱ्हासानं त्यांची समोरची दृष्टी गेलेली. त्यांच्या पहिल्या मसुद्यात ‘अंधाराशी झुंज’, ‘प्रकाशाची वाट’ असं सगळं होतं. मी विचारलं, “सर, खरंच अंधार असतो का?” ते थांबले. मग म्हणाले, “नाही हो. मला चेहरे दिसतात. नसलेली माणसं दिसतात. टोप्या घातलेली, भिंतीशी उभी.” दीड वर्षं त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं, वेड लागलं असं वाटेल म्हणून. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. या स्विस निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत त्याचं वर्णन केलं होतं. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. वेडाशी त्याचा संबंध नाही. हे सरांना कुणी सांगितलं? आमच्या समुपदेशकानं, एका साध्या भेटीत. झुंज-बिंज गेली आणि भाषण तयार झालं: भिंतीशी उभी असलेली माणसं, दीड वर्षांचं मौन, आणि एका तासात उतरलेलं ओझं. देणगी कशासाठी मागतोय हे वेगळं सांगावंच लागलं नाही.

प्रत्यक्ष दिवस

बऱ्याच गोष्टी बरोबर झाल्या, त्या सोडून देतो.

संगीत चुकलं. पाहुणे येताना हॉलमध्ये वाजणारं वाद्यसंगीत नेहमीच्याच आवाजात होतं. कुणाही डोळस माणसाला त्रास झाला नसता. पण आमचे १७ यजमान टेबलावर कोण कुठे बसलंय याचा नकाशा आवाजांवरून तयार करत होते. एक ताई नंतर म्हणाल्या, “तुमच्या डोळ्यांसमोर धुकं सोडलं असतं तर कसं वाटलं असतं, तसं झालं.” साउंडवाला जेवायला गेला होता आणि कन्सोलच्या खोलीला कुलूप. आवाज कमी व्हायला १२ मिनिटं गेली. दीड तासातली सुरुवातीची, ओळखी होण्याची १२ मिनिटं.

मग काठ्या. यजमानांनी आपल्या पांढऱ्या काठ्या घडी करून खुर्चीखाली ठेवल्या होत्या. एका व्यवस्थित वृत्तीच्या वाढप्याला त्या पायात येतील असं वाटलं. त्यानं सहा काठ्या गोळा केल्या आणि दाराजवळच्या कोपऱ्यात नीट, उंचीनुसार लावून ठेवल्या. त्याचा हेतू इतका स्वच्छ होता की रागावताही येईना. एक यजमान स्वच्छतागृहाकडे जायला उठले, हात खुर्चीखाली गेला आणि तसाच राहिला. वाढप्यांना आम्ही ताट, ग्लास, घड्याळ सगळं शिकवलं होतं. काठीला हात लावायचा नाही, हे सांगायचं राहून गेलं. सांगायची गरज आहे हेच आम्हाला वाटलं नव्हतं.

नवव्या टेबलावर एका पाहुण्यानं यजमानाच्या शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं, “यांना आणखी पाणी हवंय का?” यजमान शांतपणे म्हणाले, “यांना हवंय. आणि यांना ऐकूही येतं.” टेबलावर क्षणभर शांतता, मग हशा. त्याच टेबलावरून सर्वांत मोठी तीन वर्षांची देणगी आली. याचा त्या विनोदाशी संबंध असेलच असं नाही. पण मला तो असावासा वाटतो.

सरांचं भाषण ६२व्या मिनिटाला सुरू झालं आणि सात मिनिटांत संपलं. खुर्च्या हलल्या नाहीत. मग आवाहन, आणि इथे आमची सर्वांत मोठी चूक उघडी पडली.

कार्डं कागदाची होती. ज्यांच्या टेबलावर पाहुणे कार्ड भरत होते त्या यजमानांनाच कोण लिहितंय आणि कोण फोनमध्ये बघतंय ते कळत नव्हतं. एक यजमान, आयुष्यभर हिशेब तपासनीस म्हणून काम केलेल्या बाई, यातून स्वतःच वाट काढून मोकळ्या झाल्या. त्यांनी टेबलावरच्या प्रत्येकाला नावानं, क्रमानं विचारलं, “तुमचं झालं? आणि तुमचं?” त्यांच्या टेबलाची दहाच्या दहा कार्डं भरून आली. सगळ्यांना हे जमणारं नाही आणि सगळ्यांनी ते करावं असंही मी म्हणणार नाही, पण पाहताना मजा आली.

मग अकराव्या टेबलावरच्या यजमानानं मला हाक मारली. तिशीतला मुलगा, कॉल सेंटरमध्ये नोकरी. त्याच्या हातात फोन. “दादा, मला पण द्यायचे आहेत. हे पान बोलत नाही.” मी फोन कानाला लावला. आमच्या देणगीच्या पानावर स्क्रीन रीडर म्हणत होता: “बटन. बटन. बटन.” रकमेच्या तिन्ही बटनांना नाव दिलेलं नव्हतं. स्क्रीन रीडर शिकवणारी आमची संस्था, आणि पान आमचंच. चार वर्षं ते तसंच होतं. कुणी तक्रार केली नव्हती, कारण दृष्टी नसलेलं कुणीतरी आम्हाला पैसे देऊ बघेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या वतीनं ते बटन मीच दाबलं. दुसरा इलाज नव्हता.

हेलन केलर १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये लायन्स क्लबच्या अधिवेशनासमोर उभ्या राहिल्या आणि अंधांसाठी काम हाती घ्या असं त्यांना सांगून आल्या. लायन्सचं डोळ्यांसाठीचं जगभरचं काम तिथून वाढलं. मागणारी व्यक्ती अंध होती आणि ती कुणाच्या दयेपुढे उभी नव्हती, काम सोपवत होती. आमच्याकडे शंभर वर्षांनंतर देणारी व्यक्ती अंध निघाली तर तिच्यासाठी बटन नव्हतं.

हिशेब

एकूण जमा रक्कम आधीच्या दोन्ही वर्षांपेक्षा जास्त झाली. खर्च वजा जाता राहिलेली रक्कम त्याहून चांगली, कारण पट्ट्या वगळता नवीन खर्च फारसा नव्हता. आपल्या माणसाला यजमान केलेल्या १७ टेबलांवर भरलेल्या कार्डांचं प्रमाण उरलेल्या सातपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं.

यावरून ‘यजमान ठेवले म्हणून पैसे आले’ असं लिहायचा मोह होतो. पण ती सात टेबलं शेवटच्या आठवड्यात विकली गेलेली होती, त्यावर संस्थेशी पहिल्यांदाच येणारे पाहुणे जास्त होते, आणि दोन तर साउंडच्या खांबांना चिकटून. शिवाय यजमान असलेल्या टेबलांतही दोन अशी होती जिथून एकही कार्ड आलं नाही. तेव्हा एवढंच म्हणतो: माणूस टेबलावर असणं नुकसानीचं तर नक्कीच ठरलं नाही.

पावत्यांच्या बाबतीत एक सांगायलाच हवं, कारण इथे चांगल्या संस्थाही घसरतात. टेबलाची पूर्ण रक्कम म्हणजे देणगी नव्हे. अमेरिकेसह काही देशांच्या करकायद्यात जेवणाची वाजवी किंमत वजा करून उरलेल्यालाच देणगी धरतात आणि ठरावीक रकमेच्या वर ती विभागणी देणाऱ्याला लेखी कळवावी लागते. आम्ही हिशेब तपासनिसांकडून पावतीचा मसुदा आधीच मंजूर करून घेतला. कार्यक्रमानंतर हे काम करायला बसलो असतो तर महिना गेला असता.

दोन दिवसांत आभाराचे फोन गेले. फोन यजमानांनी केले, ज्याच्या टेबलावर जो बसला होता त्याला. कोरं कार्ड ठेवून गेलेल्या पाचसहा जणांनी या फोनवर देणगी कबूल केली. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. फोन फक्त आभाराचे होते.

नंतर

आढावा बैठकीत मी जरा फुशारलेलाच होतो. एका यजमान ताईंनी हवा काढली. “दोन तासांत मी माझे डोळे कसे गेले ते नऊ वेळा सांगितलं. घरी जाऊन झोप आली नाही.” सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, असं आम्ही म्हटलं होतं हे खरं; पण देणगीदारानं समोर बसून विचारल्यावर नाही म्हणणं किती अवघड आहे याचा विचार आम्ही केला नव्हता. आता यजमानांना मानधन आहे, आणि टेबलावर एक छोटं कार्ड: यजमानांना त्यांच्या कामाबद्दल, आवडींबद्दल, शहराबद्दल जरूर विचारा. डोळ्यांबद्दल ते स्वतः बोलले तर ऐका. अध्यक्षांना हे उद्धट वाटतं. ठेवलं आहे.

देणगीचं पान दुरुस्त झालं. अकराव्या टेबलावरच्या मुलानंच ते तपासून दिलं. साउंडच्या खोलीची दुसरी किल्ली आता माझ्या खिशात असते. वाढप्यांच्या सूचनांत पहिलं वाक्य काठीबद्दल आहे.

राहिल्या पट्ट्या. दोन्ही खोकी कपाटावर धूळ खात पडली होती. परवा ताई आल्या आणि म्हणाल्या, “त्यातल्या वीस काढून द्या.” मी चकित झालो. मोबिलिटीच्या प्रशिक्षकांची नवी तुकडी आली होती, बहुतेक डोळस. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात लांब काठीचं तंत्र बसवलं, आणि ते शिकवणाऱ्यांना आजही डोळे बांधून तासन्‌तास, आठवडे चालावं लागतं. पहिल्या दिवशी तेही धडपडतात. पण ते पहिल्या दिवशी थांबत नाहीत, आणि शेजारी शिकवणारं कुणीतरी असतं.

मी वीस मोजून दिल्या. ताईंनी एक हातात घेऊन इलॅस्टिक ताणून पाहिलं.

“कापड चांगलं आहे हो,” म्हणाल्या. “आणखी दहा द्या. पुढच्या तुकडीला लागतील.”